छत आधी बोलतं

आमच्या भोकर भागात विहिरीची दरड कोसळून माणूस गेलं, की मयतीला आलेला प्रत्येक जण एकच बोलतो. "काय करावं बाबा, येळच भरली व्हती त्याची." म्हातारी माणसं असं बोलतात ते मी समजू शकतो. त्यांनी पटकी पाहिली, दुष्काळ पाहिले. दैवावर टाकल्याशिवाय त्यांना जगताच आलं नसतं. पण काम घेतलेला ठेकेदार तेच वाक्य बोलतो, पंचनाम्याला आलेला माणूस मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'दुर्दैवी घटना' म्हणून चार ओळी येतात, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक उठते. येळ भरली नव्हती. विहिरीच्या कडेवर मुरमाचा ढीग भरला होता, आणि तो तिथं कोणी टाकला हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

डोक्यावरची किंवा अंगावरची जमीन कशी पडते, का पडते आणि कशी थोपवता येते, हे माणसाला कळून फार वर्षं झाली. ज्यांनी ते जिवाची किंमत देऊन शिकून ठेवलंय, ते कोळशाच्या खाणीतले लोक. आणि त्या खाणी आमच्यापासून काही सातासमुद्रापार नाहीत.

आज नकाशावर भोकर महाराष्ट्रात आणि बेल्लमपल्ली तेलंगणात दिसतं. पण १९५६ पर्यंत ही दोन्ही गावं एकाच हैदराबाद राज्यात होती. नांदेडच्या घाटाखालून वाहणारी गोदावरी बासरहून पुढं जाते आणि मंचेरियाल, रामगुंडमच्या कोळशाच्या पट्ट्यातून वाहते. १८७१ साली येल्लंदूजवळ डॉ. किंग यांना कोळसा सापडला, त्यातून सिंगरेणीच्या खाणी उभ्या राहिल्या. माझे थोरले मामा उमेदीच्या वयात त्या पट्ट्यात गेले आणि टिंबरमन झाले. टिंबरमन म्हणजे कोळसा काढणारा नव्हे, कोळसा काढणाऱ्याच्या डोक्यावरचं छत धरून ठेवणारा. लाकडाचे टेकू मापात कापायचे, छताखाली ठोकायचे, वर पाचर मारायची. नोकरी संपवून गावी आल्यावरही मामांची एक सवय गेली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी आढ्याकडं बघायचे, मग बसायचे.

मामा सांगायचे, "छत मुकं नसतं रे. आधी बोलतं. आपल्याला ऐकायला येळ नसतो."

खाणीतलं हे 'बोलणं' कसं असतं, ते मी त्यांच्याकडून ऐकलं. हातात काठी किंवा सब्बल घ्यायची, आधार दिलेल्या छताखाली उभं राहायचं आणि पुढचं छत ठोकायचं. टणटणीत आवाज आला तर दगड एकजीव आहे. भद्द आवाज आला तर आत पोकळी झाली, वरचा थर खालच्यापासून सुटलाय. कानावर भरवसा नसेल तर एका हातानं ठोकायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला लावायची. सुटलेला दगड बोटांखाली थरथरतो. टेकूचं लाकूड करकरायला लागलं, छतातून बारीक माती गळायला लागली, कोरड्या जागी पाणी ठिबकायला लागलं, बाजूच्या कोळशाच्या खांबाचे टवके उडायला लागले, की 'वजन आलं' म्हणायचं आणि हातातलं हत्यार तिथंच टाकून मागं फिरायचं. हत्यार आणायला परत जायचं नाही. पुढं लोखंडी टेकू आले, तेव्हा मामांना ते फारसे आवडले नाहीत. "लाकूड मोडायच्या आधी रडतं. लोखंड रडत न्हाई," असं ते म्हणत. लोखंड जास्त वजन पेलतं हे त्यांनाही कळत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणसाला सांगणारं काहीतरी छताखाली असलं पाहिजे.

शहरातल्या वाचकाला खाणीचं छत म्हणजे नेमकं काय, असा प्रश्न पडेल, म्हणून थोडं सांगतो. कोळसा जमिनीत भाकरीच्या चवडीसारखा थराथरानं असतो. वर वाळूचा दगड, मध्ये कोळसा, खाली पुन्हा दगड. कोळशाच्या थरात चार-साडेचार मीटर रुंदीच्या गल्ल्या खोदतात आणि मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडतात. गल्लीतला कोळसा निघाला, की त्याच्यावरचा थर पहिल्यांदाच अधांतरी होतो. लाखो वर्षं खालून आधार होता, तो एका सुरुंगात गेला. आता तो थर स्वतःच्या वजनानं वाकू लागतो, वरच्या थरापासून सुटू लागतो. आधी सुताएवढा, मग बोटाएवढा. पुढं खांबही काढायला घेतात, तेव्हा मागचं छत मुद्दाम पडू देतात. सगळ्यात नाजूक काम ते.

यावर उपायही जुना आहे. छत उघडं पडल्यावर थर सुटायच्या आत त्याला धरायचं. पूर्वी खालून टेकू देत. आता छतात दीड-पावणेदोन मीटर खोल भोकं पाडून त्यांत लोखंडी सळई बसवतात आणि सिमेंटनं किंवा रेझिननं ती पक्की करतात. याला रूफ बोल्ट म्हणतात. आपल्या बायाबापड्यांना हे समजायला क्षणही लागणार नाही, कारण गोधडी अशीच शिवतात. जुन्या लुगड्यांचे सुटे थर कशानंही फाटतील. टाके घातले की तेच थर मिळून एक जाड वस्त्र होतं. बोल्ट म्हणजे दगडाच्या थरांना घातलेला टाका. पण टाका वेळेवर घातला तर. थर सुटल्यावर घातलेल्या टाक्यात निम्मा जीव राहत नाही.

धनबादच्या शास्त्रज्ञांनी तर आपल्या देशातल्या खाणींच्या छतांना शंभरपैकी गुण द्यायची रीत बसवली आहे. थरांच्या जाडीला तीस गुण, चिरा-भेगांना पंचवीस, हवा-पाण्यानं दगड किती झिजतो याला वीस, दगडाच्या ताकदीला पंधरा आणि पाझराला दहा. हे आकडे नीट बघा. दगड किती टणक आहे याला शंभरात फक्त पंधरा गुण! थर किती पातळ आणि चिरा किती, याला मिळून पंचावन्न. म्हणजे 'दगड चांगला काळाकुळकुळीत आहे, काही होत नाही' असं म्हणणारा माणूस शंभरपैकी पंधरा गुणांचा पेपर वाचून निकाल लावतो. आमच्या विहिरींवर नेमकं हेच वाक्य रोज बोललं जातं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. छत दर वेळी बोलतंच असं नाही. काही ठिकाणी दगडाच्या आत गुळगुळीत, तेल लावल्यासारखी चीर असते. वर बघून दिसत नाही, ठोकून कळत नाही, आणि तुकडा बिनआवाजी खाली येतो. पण म्हणूनच तर नियम आहे, की छत बोलो न बोलो, आधाराच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. ऐकणं हे एक कुंपण आणि आधार हे दुसरं. एक तुटलं तर दुसरं हवं. 'आवाज आलाच नाही हो' हे सांगणं त्यामुळं सुटकेचं कारण होऊ शकत नाही.

१९५२ साली खाण कायदा झाला, १९५७ साली कोळसा खाणींचे नियम आले, २०१७ साली ते नव्यानं लिहिले गेले. छत कसं धरायचं याचा आराखडा आधी कागदावर हवा, परीक्षा पास झालेल्या सरदारानं आणि ओव्हरमॅननं कामाची जागा तपासायची, धोका दिसला तर माणसं बाहेर काढायची, छत किती खाली वाकतंय ते यंत्रानं मोजायचं, हे सारं लिहिलेलं आहे. या शिस्तीमुळं गेल्या काही दशकांत खाणीतले मृत्यू कमी झाले, हे खरंच आहे. 

मग तरी छतं का पडतात? १० नोव्हेंबर २०२१ रोजी मंचेरियाल जिल्ह्यात श्रीरामपूर भागातल्या खाणीत छत कोसळलं आणि चार कामगार गेले. चार महिन्यांनी, ७ मार्च २०२२ रोजी, रामगुंडमजवळच्या अड्रियालाच्या खाणीत तेच घडलं. ही खाण काही जुनाट नाही. मोठ्या यंत्रांनी कोळसा कापणारी आधुनिक खाण. तिथं तिघे गेले, आणि त्यांत सुरक्षेची जबाबदारी असलेले अधिकारीही होते. यंत्र आलं, शिक्षण आलं, अधिकारी स्वतः खाली उतरला, तरी जमिनीनं कुणाचा हुद्दा विचारला नाही. दोन्ही ठिकाणी नेमकं काय चुकलं याचा निवाडा मी गावात बसून करणार नाही. पण ज्यांना वाटतं की मशीन आणलं की प्रश्न मिटला, त्यांनी अड्रियाला हे नाव लक्षात ठेवावं. मशीन कोळसा वेगानं काढतं, म्हणजे छतही वेगानं उघडं पाडतं. धरणाऱ्याचा वेग त्याच मापानं वाढवला नाही, तर अधांतरी छत लांबत जाणार. हा साधा हिशोब आहे.

आणि खरी गोम हिशोबातच आहे. जगात कुठंही जा, काढलेला कोळसा टनात मोजतात. टळलेला अपघात कशात मोजणार? पाळी संपल्यावर फळ्यावर आकडा लिहितात तो कोळशाचा. टिंबरमननं किती छत धरलं याचा आकडा मोठ्या साहेबाच्या टेबलावर जात नाही. छत धरायला तासभर काम थांबलं तर तो तास 'वाया गेला' म्हणून लिहिला जातो. ज्या हिशोबात जीव वाचवायचा वेळ तोट्याच्या रकान्यात पडतो, त्या हिशोबात छत आज ना उद्या पडणारच. त्याला दैव लागत नाही.

'मजूरच निष्काळजी असतो, त्याला हेल्मेट दिलं तरी घालत नाही,' असंही ऐकवलं जातं. सुशिक्षित माणसं चहा पिता पिता हे बोलतात. मजुराला जीव नकोसा झालाय असं यांना वाटतं काय? ज्याची रोजी कामावर आहे, ज्याला उद्या पुन्हा बोलावतील की नाही याची खात्री नाही, तो 'मी आत जात नाही' असं कोणत्या तोंडानं म्हणणार? मागं फिरायचा हक्क कागदावर असून भागत नाही. मागं फिरल्यावर त्या दिवसाची मजुरी मिळाली तर तो हक्क. नाहीतर ती नुसती शोभेची ओळ.

आता आमच्या विहिरींकडं येतो. खाणीत निदान नियम आहेत, आणि ते मोडले तर 'मोडले' असं म्हणता येतं. विहिरीला काय आहे? पन्नास-साठ फूट खोल खड्डा, खाली चार माणसं, वर यारी, मध्ये सुरुंग. खाणीत असतं ते सगळं इथं आहे. नाही तो फक्त सरदार. विहीर ही खाण नव्हे, म्हणून खाणीचा कायदा तिला लागत नाही. योजनेतून विहीर मंजूर होते, हप्ते ठरतात. मोजमाप घ्यायला येणारा टेप सोडून किती फूट गेलं ते बघतो. कड कशी आहे हे विचारायचा रकाना त्याच्या वहीत नसतो. टनाच्या जागी फूट आले, एवढाच फरक.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात उन्हाळ्याच्या शेवटी अशीच एक विहीर चालली होती. वर काळी माती, तिच्याखाली पंधरा-वीस फूट मुरूम, मग खडक. मुरमाला बांधणी केली नव्हती, कारण आधी पाणी लागू दे, मग बांधू, असं ठरलेलं. निघालेला मलबा लांब टाकायचा तर ट्रॅक्टर लागतो, म्हणून तो कडेवरच टाकलेला. रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी दोघं जण खाली उतरले आणि दहाच्या सुमारास मुरमाचा एक कडा ढिगासकट आत आला. त्यातल्या एकाची बायको दिवसानंतर आमच्या घरी आली होती. ती रडली नाही. म्हणाली, "आदल्या राती जेवताना म्हणलते, कडंला भेग पडली, बोट जायलंय आत. म्या म्हणलं, मंग कामून जाता? तर म्हणले, दोन दिसाचं काम ऱ्हायलंय, पैसे अडकतेत."

बोट जाईल एवढी भेग! छत याहून मोठ्यानं काय बोलणार? त्या माणसानं ते ऐकलं होतं, बायकोला सांगितलंही होतं. त्याला ऐकू आलं नव्हतं असं नाही; त्याचं ऐकून काम थांबवणारं कुणी नव्हतं. आणि तिसऱ्या दिवशी राख सावडताना लोक म्हणत होते, येळ भरली व्हती.

'खर्च परवडत नाही' हे उत्तर मला तोंडपाठ आहे. म्हणून खर्चाचंच बोलू. मलबा कडेपासून निदान विहिरीच्या निम्म्या रुंदीइतका लांब टाकायला ट्रॅक्टरचं भाडं लागतं, तेवढंच. मुरमाचा भाग संपला की खडकाला हात घालण्याआधी तो बांधून काढायचा. बांधकाम तर नंतर करायचंच असतं, ते आधी करा एवढंच म्हणणं. बांधणी होईपर्यंत कड सरळ कापायच्या ऐवजी टप्पे ठेवायचे. पाऊस झाला की आणि सुरुंग उडाला की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी वरून बघायचं, दोर बांधून एका जाणत्यानं सब्बलीनं ठोकून सुटलेलं पाडायचं, मग बाकीच्यांनी उतरायचं. वर एक माणूस नुसता कडेवर नजर ठेवायला. त्याच्या हातात दुसरं काम द्यायचं नाही. यांतलं काय न परवडणारं आहे? मागं राहिलेल्या घराला मिळणारी मदत, तीही मिळाली तर, किती वर्षं पुरते, ते त्या बाईला जाऊन विचारा.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली आणि लातूर-धाराशिवकडच्या गावांत जवळपास आठ हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर वर्षानुवर्षं टाकलेल्या मातीचं माळवद, या ओझ्याखाली माणसं झोपेत गाडली गेली. त्यानंतर मराठवाड्यानं घराचा हिशोब नव्यानं मांडला. भिंतीत पट्टा हवा, छत हलकं हवं, हे अंगठेबहाद्दर गवंड्यालाही कळलं. तेव्हा आपण नुसतं दैव म्हणून बसलो नाही. पण तिथं एका पहाटेत हजारो गेले, म्हणून सरकार आलं, जागतिक बँक आली. विहिरीत एकेक, दोन-दोन जातात. त्यांची मोजणी तालुक्याच्या बाहेर जात नाही. खाणीतही तसंच, चार गेले तर बातमी, एक गेला तर नोंद.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. विहीर मंजूर करणाऱ्या कागदावर जसा फुटांचा रकाना आहे, तसा कडेचा रकाना हवा. बांधणी झाल्याची खूण असल्याशिवाय पुढच्या खोलीचा हप्ता सुटू नये. प्रत्येक गावात जमिनीची जाण असलेली दोन-तीन माणसं असतात, जुने विहीरखोदे, पाथरवट. त्यांतल्या एकाला ग्रामसभेनं विहिरींचा सरदार नेमावं, त्याला रोज द्यावा आणि 'आज उतरायचं नाही' हा त्याचा शब्द शेवटचा मानावा. आणि त्यानं काम थांबवलं त्या दिवसाची मजुरी मजुराला मिळावी. ही शेवटची अट गाळली तर बाकीच्या सगळ्या फुकट आहेत.

शहरातल्या वाचकांना वाटेल, याचा आमच्याशी काय संबंध. तुमच्या घरातला पंखा ज्या विजेवर फिरतो, तिच्यात अजूनही कोळसा जळतो. देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा आज उघड्या खाणींतून येतो, हे खरं. पण जमिनीखालच्या खाणी संपलेल्या नाहीत. चंद्रपूर, वणी, नागपूरकडं आणि पलीकडं गोदावरीच्या पट्ट्यात आजही माणसं पाळीला खाली उतरतात. तुमची ज्वारी, हळद, कापूसही कुणीतरी खोदलेल्या विहिरीच्या पाण्यावर येते. भाव कमी पाहिजे म्हणताना तो कशातून कमी होतो, एवढं तरी विचारत जा.

आणि गावाकडच्या माझ्या माणसांना एकच विनवणी. उद्या कुठं दरड पडली, तर मयतीला जा, घरच्यांना धीर द्या. पण 'येळ भरली' म्हणू नका. मलबा कुठं टाकला होता, बांधणी झाली होती का, भेग कुणी पाहिली होती आणि काम कुणी चालू ठेवलं, हे चार प्रश्न तिथंच, चारचौघांत, मोठ्यानं विचारा.